रानपिंगळ्याचा शोध गटाने कसा घ्यावा

रानपिंगळा, म्हणजे फॉरेस्ट आउलेट हे दुर्मीळ छोटं घुबड, शोधायला निघालेल्या गटाची पहिली चूक बहुतेक वेळा घरीच झालेली असते. गाडी ठरते, सुट्ट्या जुळतात, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज होतात. पण साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांत फरक कशाने करायचा, हे सहांपैकी एकालाच नीट माहीत असतं. मग जंगलात त्या एकाने बोट दाखवलं की उरलेल्या पाचांना तेच दिसू लागतं. सहा जोडी डोळे नेऊन काम एकाच जोडीने होतं. गटाने जाण्याचा खरा उपयोग एकमेकांची नोंद तपासण्यासाठी आहे, आणि खाली जे लिहिलं आहे ते सगळं याच हिशेबाने.

या पक्ष्याच्या बाबतीत तपासणीला इतकं महत्त्व का, ते त्याच्या इतिहासात आहे. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात पहिला नमुना (भरून जतन केलेला पक्षी) मिळवला आणि पुढच्याच वर्षी पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर १८८४ पर्यंत मोजके नमुने संग्रहालयांत गेले, त्यांतले बरेच जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेले. पुढे शंभराहून अधिक वर्षं पक्षी नाही. मधल्या काळात ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांच्या नावावर गुजरातमधल्या मांडवीचा १९१४ चा एक नमुना होता. तो खरा धरून लोकांनी गुजरातेत शोध घेतला. प्रत्यक्षात तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता; संग्रहालयातून लांबवून, पुन्हा नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुने बारकाईने तपासून ही खोटी नोंद बाजूला काढली. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली. तिथे काही मिळालं नाही, तेव्हा ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशाच चुकवली होती. आज आपण मोबाइलवर घाईने टाकतो ती नोंदसुद्धा पुढच्या माणसासाठी अशीच चिठ्ठी असते.

आधी तीन पिंगळे पाठ करा

एकाच जंगलात तीन छोटे पिंगळे भेटू शकतात. गावाच्या कडेला, आंब्याच्या ढोलीत, विजेच्या खांबावर दिसतो तो साधा पिंगळा. दाट आणि मध्यम जंगलात, दिवसाही वावरणारा, अंगभर बारीक पट्टे असलेला तो जंगली पिंगळा. आणि तिसरा रानपिंगळा. निघण्याआधी निदान एक संध्याकाळ सगळ्यांनी एकत्र बसून तिघांचे फोटो पाहा. पुस्तकातली चित्रं पुरत नाहीत. पाठमोरे, पोट दिसणारे, उडताना काढलेले, सावलीतले, असे सगळे फोटो पाहा. फोटोखालचं नाव झाकून प्रत्येकाने कागदावर ओळख लिहायची आणि ती का, तेही लिहायचं. ज्याला दहापैकी नऊ ओळखता येत नाहीत त्याने जंगलात नाव घोषित करू नये, असा नियम ठेवा. कुणाचा अपमान होत नाही आणि पुढचा घोळ टळतो.

पाहायचं काय? डोकं सर्वांत आधी. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचा माथा करड्या-तपकिरी रंगाचा, जवळजवळ कोरा. असले तर अगदी पुसट ठिपके. जंगली पिंगळ्याच्या माथ्यावर ठिपक्यांऐवजी बारीक आडव्या रेघा. पण नुसत्या डोक्यावर विसंबू नका. साध्या पिंगळ्याची पिसं झिजली की ठिपके पुसट होतात, नुकत्याच उडायला लागलेल्या पिल्लांच्या माथ्यावर ते कमीच असतात, आणि भर उन्हात जास्त प्रकाश घेतलेल्या फोटोत तर ते पार नाहीसे होतात. चुकीच्या ओळखींपैकी बऱ्याच इथूनच येतात.

म्हणून पोट पाहा. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी, बाजूंना पट्टे, पण पोटाचा मधला आणि खालचा भाग स्वच्छ पांढरा. साध्या पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी ठिपके-पट्टे खालपर्यंत विखुरलेले असतात. मग पंख आणि शेपूट: रानपिंगळ्याच्या दोन्हींवर गडद आणि पांढरे पट्टे रुंद, ठळक, आणि शेपटीच्या टोकाला चांगली रुंद पांढरी किनार. साध्या पिंगळ्याच्या शेपटीवरचे फिके पट्टे अरुंद. चौथी खूण पायांची. रानपिंगळ्याचे पाय आणि बोटं दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेली, नख्या मोठ्या. दुर्बिणीतून नीट पाहिलं तर फांदी पकडलेली बोटं जाडजूड, पांढरी दिसतात. एकदा ही खूण लक्षात आली की पुढे फारशी चूक होत नाही. डोकं आणि चोच शरीराच्या मानाने मोठी. लांबी साधारण २३ सेंमी, साधा पिंगळा २१ सेंमीच्या आसपास. हा दोन सेंटिमीटरांचा फरक जंगलात कुणालाही कळत नाही, तेव्हा ‘मोठा वाटला’ हे कारण नोंदीत चालवून घेऊ नका.

आवाजाचाही असाच अभ्यास हवा. झेनो-कँटोसारख्या पक्ष्यांच्या आवाजांच्या ऑनलाइन संग्रहातून तिघांच्या हाका घ्या आणि आठवडाभर रोज ऐका. जंगली पिंगळ्याची हाक एकसारख्या लयीत सुरू होते, वेग घेते आणि मग विरते. साधा पिंगळा जोडीने कर्कश किचकिचाट करतो, भांडण चाललं आहे असंच वाटतं. रानपिंगळ्याची मुख्य हाक आखूड, गोड, भरदार, थांबून-थांबून येणारी. याशिवाय जोडीशी बोलण्याचे आणि इशाऱ्याचे वेगळे आवाज आहेत. हे रेकॉर्डिंग घरी ऐकण्यासाठी आहे. जंगलात ते फोनमध्ये ठेवू नका, म्हणजे मोहच होणार नाही.

कुठे आणि कोणत्या महिन्यात

या पक्ष्याला विरळ, कोरडं पानझडी जंगल लागतं. साग भरपूर, त्यात ऐन, धावडा, सालई, मधे मोकळ्या जागा, जमिनीवर गवत आणि पालापाचोळा, आणि ढोली असलेली जुनी झाडं. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे हे त्याचं खाणं, म्हणून जमीन दिसेल असंच जंगल तो पसंत करतो. दाट झाडोऱ्यात तो शोधणं म्हणजे वेळ घालवणं. महाराष्ट्रात मेळघाट, यावल, तळोदा-तोरणमाळ हा सातपुड्याचा पट्टा ओळखीचा आहे. मध्य प्रदेशात खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतुलकडचा भाग. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात नोंद झाली, तोपर्यंत सह्याद्रीच्या पश्चिमेला कुणी त्याला धरत नव्हतं. गुजरातच्या डांग भागातूनही नोंदी आल्या. ओळखीच्या चार ठिकाणी गर्दी करण्यापेक्षा त्याच प्रकारचं पण कुणी न पाहिलेलं जंगल निवडणं जास्त उपयोगाचं आहे, असं आमचं ठाम मत आहे. तिथे पक्षी मिळाला तर ती नवी माहिती. नाही मिळाला तरी तीही नवीच माहिती.

नोव्हेंबर अखेर ते जानेवारी हा काळ सोयीचा. थंडीत हा पिंगळा सकाळी निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर उन्हाला बसतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सागाची पानं अजून झाडावर असतात आणि पलीकडचं काही दिसत नाही. जानेवारीत पानगळ बरीच झालेली असते, दृष्टी लांब जाते. पण खाली वाळलेल्या सागपानांचा थर साचतो आणि प्रत्येक पाऊल शंभर मीटरवर ऐकू जातं. म्हणून पायवाट, बैलगाडीची वाट किंवा कोरड्या नाल्याचं पात्र धरूनच चाला. जानेवारी-फेब्रुवारीत जोडीची हालचाल आणि हाका वाढतात, तेव्हा पक्षी सापडायला सोपा आणि दुखवायलाही सोपा. विणीचा काळ ऑक्टोबर ते मे असा पसरलेला आहे. फेब्रुवारीनंतर केवळ पाहण्यासाठी गट घेऊन जाऊ नये.

वेळेचं म्हणाल तर हा घुबडांतला दिवसपाळीचा पक्षी. सूर्योदयापासून साडेदहापर्यंत आणि दुपारी साडेतीन ते सूर्यास्त. रात्री टॉर्च घेऊन फिरण्यात काही हशील नाही. परवानगीही मिळत नाही आणि डोळ्यांवर प्रकाश मारून पक्षी फक्त बिथरतो.

परवानगी

अभयारण्यात पायी फिरायला आणि फोटो काढायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली परवानगी लागते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी प्रवेश गृहीत धरूच नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात निदान महिनाभर आधी लेखी अर्ज द्या: गटातल्या प्रत्येकाचं नाव, तारखा, कोणती बीट (वनरक्षकाची हद्द) आणि कक्ष (जंगलाचा क्रमांक दिलेला भाग), कशासाठी, नोंदी कुणाला देणार. ‘पक्षीनिरीक्षण’ एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. कक्ष क्रमांकासकट मार्ग दाखवणारा नकाशा जोडलात तर वनपालालाही बरोबर कुणाला द्यायचं ते ठरवता येतं. वनरक्षक सोबत असणं नुसत्या नियमाखातर नाही. सातपुड्यात अस्वल आहे, आणि झुडपाआड बसलेल्या अस्वलाचा अंदाज ज्याचा त्या बीटमध्ये रोजचा वावर आहे त्यालाच असतो.

एक गोष्ट सगळ्यांनी नीट समजून घ्या. रानपिंगळा या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे, आणि कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी किंवा घरटं यांना त्रास देणंही येतं. ढोलीत मोबाइल घालून फोटो घेणं हा निव्वळ आगाऊपणा नाही, तो गुन्हा आहे.

गावात चौकशी करतानाही सांभाळून. दिवाळीच्या सुमारास घुबडांचा चोरटा व्यापार चालतो, त्यामुळे बाहेरून आलेले चार लोक ‘पिंगळा कुठे मिळेल’ विचारत फिरले तर संशय येणारच, आणि वाईट म्हणजे पक्ष्याला गिऱ्हाईक आहे अशी बातमीही पसरते. विचारायचं असेल तर वनमजूर किंवा वनरक्षकामार्फत, सात-आठ वेगवेगळ्या पक्ष्यांची चित्रं दाखवून विचारा. कोणत्या पक्ष्यात रस आहे ते कळू देऊ नका. त्याने उत्तरही जास्त खरं मिळतं.

गट किती आणि कुणाकडे काय

सहापेक्षा जास्त नको, वनरक्षक धरून सात. आठ-दहा माणसं झाली की कुजबुज थांबतच नाही. दोघा-दोघांच्या तीन जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत एक अनुभवी, एक नवा ठेवा. दोघे अनुभवी एकत्र आले की बोलत बसतात. दोघे नवे एकत्र आले की प्रत्येक शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) रानपिंगळा होतो.

प्रत्येकाकडे ८×४२ दुर्बीण. १०×४२ लांबचं मोठं दाखवते, पण चालून दम लागला की हात थरथरतो आणि नेमके पायांवरची पिसं पाहायची असतात तेव्हाच चित्र हलतं. गटात मिळून एक स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण), २०–६० झूमचा, स्टँडसकट. तो मधल्या जोडीकडे. ४००–६०० मिमी लेन्सचा कॅमेरा एक किंवा फार तर दोन. कॅमेरे जास्त झाले की दिसल्याबरोबर सगळ्यांचे डोळे व्ह्यूफाइंडरला लागतात आणि पक्षी काय करतोय हे कुणीच पाहत नाही. आवाज टिपायला फोन चालतो: एअरप्लेन मोडवर, डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये, हाकेकडे माइक धरून हात स्थिर. एमपी३ मध्ये बारीक तपशील कापला जातो आणि नंतर सोनोग्राम (आवाजाचा आलेख) पाहताना तोच हवा असतो. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, जंगलात रेंज धरून चालू नका. वही आणि पेन्सिल प्रत्येकाची वेगळी. पेन दवात फुटतं.

कपडे मातकट, हिरवे, करडे. कुरकुरणारं विंडचीटर नको, वेल्क्रोचे खिसे नकोत. पाणी माणशी दोन लिटर.

चालायचं कसं, थांबायचं कसं

नकाशावर साधारण एक किलोमीटरचे चौकोन आखा आणि एका सकाळी एका जोडीला दोनच चौकोन द्या. जास्त पालथं घालण्याच्या नादात वेग वाढतो. जोड्यांमध्ये ३०० ते ४०० मीटर अंतर ठेवा; त्याहून जवळ असाल तर एकच पक्षी दोघांच्या वहीत दोन होऊन जातो. सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे चाला म्हणजे ऊन पाठीशी राहतं आणि समोरच्या पक्ष्याचा रंग दिसतो. दुपारी उलट. उन्हासमोर पाहिलेला कुठलाही पिंगळा काळी आकृती असतो, त्याची ओळख लिहू नये.

दर ३०० मीटरला थांबा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं गप्प उभे राहा. पहिलं मिनिट पाचोळ्याचा आवाज निवळण्यातच जातं, दुसऱ्या मिनिटात छोटे पक्षी पुन्हा बोलू लागतात, आणि ऐकण्यासारखं काही आलंच तर ते पुढच्या तिघांत येतं. दोघांपैकी एकाने फक्त ऐकायचं, डोळे मिटून चालेल; दुसऱ्याने निष्पर्ण शेंडे, वाळकी खोडं, खोडाला लागून असलेल्या आडव्या फांद्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत दुर्बिणीने सावकाश पाहायच्या. पुढच्या थांब्यावर कामं बदला. एखाद्या फांदीवर शेपूट झटझट डावी-उजवीकडे हलवणारा पिंगळा दिसला तर तिथेच खिळून राहा. भक्ष्यावर नजर ठेवताना रानपिंगळा असं करतो.

कोतवाल, बुलबुल, टकाचोर, शिंजीर यांचा एका झाडाभोवती गोंगाट चालला असेल तर आत बहुधा घुबड, शिक्रा किंवा साप असतो. तिकडे जरूर पाहा, पण त्यावरून ओळख ठरवू नका. छोटे पक्षी तिन्ही पिंगळ्यांवर सारखेच तुटून पडतात.

रेकॉर्डिंग वाजवून बोलावणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. संशोधक परवानगी घेऊन, ठरलेल्या पद्धतीने, मोजून वाजवतात. हौशी गटाने वाजवू नये. हाक ऐकून पक्ष्याला वाटतं, हद्दीत दुसरा घुसलाय. तो शिकार सोडून उघड्यावर येतो, ओरडतो, वेळ आणि ताकद घालवतो, आणि तेवढ्यात ढोलीत अंडी किंवा पिल्लं असली तर ती वाऱ्यावर. शिवाय शोधाचंही नुकसान होतं: चारशे मीटरवरची दुसरी जोडी तुमचाच फोन ऐकते आणि ‘रानपिंगळा, हाक, पूर्व दिशा’ अशी नोंद करते. अशी एक नोंद शिरली की सगळ्या सकाळच्या ऐकलेल्या नोंदी बाद धराव्या लागतात.

दिसला, आता?

ज्याला दिसला त्याने जागचं हलू नये आणि नाव उच्चारू नये. ‘पिंगळा’ एवढंच म्हणावं. ‘रानपिंगळा!’ असं कानावर पडलं की बाकीच्यांचे डोळे कोरा माथाच शोधतात आणि सापडतोही. जागा सांगायची रीत आधी ठरवा: ज्या झाडात आहे ते झाड, मग झाडाच्या पसाऱ्यावर घड्याळाचे आकडे, मग खोडापासून किती आत. ‘दोन खोडांच्या सागामागची पांढरी सालई, दहाच्या दिशेला, खोडापासून हातभर’ असं सांगितलं तर दहा सेकंदांत सगळ्यांना मिळतो. बोट दाखवत हात वर केला की पक्षी उडालाच समजा. लेझर पॉइंटर अजिबात नको.

आता पहिली दोन मिनिटं कॅमेऱ्याला हात न लावता पाहा. माथा, पोट, शेपटीचं टोक, पाय, याच क्रमाने, मनातल्या मनात एकेक ‘हो’ किंवा ‘दिसलं नाही’ करत. मग एकाने ‘पुरावा’ फोटो घ्यावेत: समोरून पोट आणि पाय, पाठीमागून माथा आणि पंख, शक्य झालं तर शेपूट. सुंदर फोटोची वाट पाहू नका. धूसर पण पाय दाखवणारा फोटो डोळ्यांत पाहणाऱ्या गोड चेहऱ्यापेक्षा लाखमोलाचा. उडताना पंखाच्या खालच्या बाजूला मनगटाशी असलेला गडद डाग दिसला तर तोही टिपा.

अंतर ३० मीटरच्या आत आणू नका. पक्षी अंग ताठ-बारीक करून तुमच्याकडेच टक लावून बघू लागला, मान वर-खाली झटकू लागला किंवा इशाऱ्याचा आवाज काढू लागला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. आल्या वाटेने मागे सरका. तो ढोलीच्या तोंडाशी असेल, चोचीत भक्ष्य घेऊन न खाता बसला असेल, तर घरटं जवळ आहे. तुम्ही गेल्याशिवाय तो आत जाणार नाही. अशा वेळी मोजून एक मिनिट आणि बाहेर. एरवीही दहा मिनिटं पुष्कळ झाली. उडाला तर पाठलाग नाही. दुसऱ्या जोडीला बोलावून तोच पक्षी पुन्हा उठवू नका. ‘सगळ्यांना दिसला पाहिजे’ हा हट्टच अशा सहलींत पक्ष्याला सर्वांत महाग पडतो.

नोंद, तिथल्या तिथे

पन्नास मीटर मागे येऊन प्रत्येकाने आपापली वही उघडायची. एकमेकांशी न बोलता, पुस्तक आणि कॅमेऱ्याची स्क्रीन न पाहता दहा मिनिटं लिहायचं. तारीख, वेळ, किती मिनिटं दिसला, अंदाजे अंतर, ऊन कुठल्या बाजूने, कोणत्या झाडावर किती उंचीवर, काय करत होता. मग चार खुणा: दिसल्या तशा, आणि जी दिसली नाही तिच्यापुढे ‘दिसली नाही’. शेवटी एक वाक्य, साधा आणि जंगली पिंगळा का नाही याचं. ठिकाण लिहिताना तुम्ही उभे होता तिथला जीपीएस, होकायंत्राची दिशा आणि अंतर. अचूक आकड्यासाठी झाडाखाली जाऊ नये.

त्यानंतर वह्या जोडून पाहा. तीन वह्यांत किमान तीन खुणा जुळल्या आणि पोट किंवा पाय त्यांत असले तर नोंद ‘निश्चित’. जुळत नसतील तर ‘संभाव्य’, आणि संभाव्य नोंद घरी जाऊन फोटो पाहता-पाहता निश्चित करायची नाही, नवा पुरावा फोटोतच स्पष्ट निघाला तर गोष्ट वेगळी. फक्त हाक ऐकली असेल आणि रेकॉर्डिंग नसेल, तर ती संभाव्यच. वाद झाला तर दोन्ही बाजू लिहून ठेवा, मतदान घेऊ नका.

जागा सांगायची कुणाला

नेमकी जागा वनविभागाला आणि या पक्ष्यावर काम करणाऱ्या संशोधकांना. बाकी सगळीकडे जिल्हा किंवा फार तर तालुका. निघण्याआधीच फोन आणि कॅमेऱ्यातलं लोकेशन टॅगिंग बंद करा, कारण फोटो एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून गेला की त्यातले अक्षांश-रेखांशही बरोबर जातात. पार्श्वभूमीत मंदिर, मैलाचा दगड, वळणदार रस्ता आला असेल तर तो कापा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना ठिकाण गावाऐवजी मोठ्या भागाचं निवडा किंवा हंगाम संपेपर्यंत यादी लपवून ठेवा. सोबतच्या वाटाड्यालाही सांगून ठेवा की पुढच्या रविवारी दहा गाड्या आणायच्या नाहीत. आणि त्याच्या दिवसाची मजुरी आधी ठरवून पुरी द्या, म्हणजे जागा विकण्याची गरज त्याला पडणार नाही.

नाही दिसला तर

बहुतेक सकाळी असंच होतं, आणि त्या सकाळची वही रिकामी राहणं ही खरी चूक. किती माणसं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती किलोमीटर, किती थांबे, कोणते कक्ष, वारा होता का, ढग होते का, साधा आणि जंगली पिंगळा किती दिसले, सगळं लिहा. जंगली पिंगळा सहा ठिकाणी ऐकू आला आणि रानपिंगळा एकाही नाही, तर निदान ऐकण्यात कसूर नव्हती हे कळतं. काहीच ऐकू आलं नाही, तर वारा, धुकं किंवा घाई यांतलं काहीतरी आड आलं, आणि ती सकाळ मोजणीत धरता येत नाही.

एका चौकोनात एकदा न दिसणं म्हणजे तिथे नाही असं होत नाही. त्याच हंगामात निदान तीन वेळा, वेगवेगळ्या तारखांना, त्यातली एक फेरी दुपारची, एवढं झाल्यावरच तो चौकोन ‘आढळला नाही’ या रकान्यात जातो. जोड्याही बदलून पाठवा. त्या रकान्याखाली चौकोनाची अवस्थाही लिहा: जुनी ढोलीची झाडं किती उरली आहेत, वणवा लागून गेला आहे का, चराई किती, झाडतोड नवी की जुनी. ही पानं ‘निश्चित’ नोंदींच्या पानांसोबत एकाच फाइलमध्ये परिक्षेत्र कार्यालयात द्या आणि पोच घ्या.